गुंड्याभाऊ गेले

फोन आतेभावाचा होता. "ताई, गुंड्याभाऊ गेले गं," एवढंच बोलला आणि थांबला.

गेल्या वर्षीची, २१ ऑगस्ट २०२५ ची गोष्ट. गणपती सहा दिवसांवर आले होते. मी ओट्याशी उभी राहून मोदकांची पिठी चाळत होते. हातातली चाळण तशीच राहिली. रविवारीच तर काकांशी बोलणं झालं होतं. चिपळूणहून आमच्या वाडीपर्यंतचा रस्ता पुन्हा खचलाय, तेव्हा एसटीनं येऊ नका, गाडी करा, असं बजावत होते. आवाज खणखणीत होता.

"कधी?" मी विचारलं. पुढचं विचारायचा धीर होईना.

तिकडे आतेभावाला उमगलं. "अगं, आपले नाहीत! टीव्हीतले. 'चिमणराव'मधले. बाळ कर्वे."

मी मटकन खुर्चीत बसले. काका आहेत, हे कळून छातीवरचा धोंडा उतरला. आणि मग दोनच मिनिटांत, ज्यांचं नाव ऐकून मला हायसं वाटलं होतं, त्यांच्यासाठी रडू आलं. आधी हायसं वाटलं याचं वाईट वाटत होतं, की ते गेले याचं, हे मला तेव्हा वेगळं काढता आलं नाही. आजही येत नाही.

आमच्या काकांना अख्खं घराणं गुंड्याभाऊ म्हणतं. त्यांचं पाळण्यातलं नाव वेगळं आहे, पण ते रेशनकार्डावर आणि पेन्शनच्या कागदांवर. एरवी गावात, नात्यात, जुन्या चाळकऱ्यांत ते गुंड्याभाऊच. लग्नाच्या आहेरावरसुद्धा लोक तसंच लिहितात. सुना 'गुंड्याकाका' म्हणतात आणि नातवंडांना 'गुंड्याआजोबा' हे नाव कुठून आलं याचा पत्ताही नाही.

हे नाव आलं ते गिरगावातल्या आमच्या चाळीत, दुसऱ्या मजल्यावरच्या शेवटच्या खोलीतून. तिथे चाळीतला पहिला टीव्ही होता. लाकडी खोका, पुढे ओढून बंद करायचं शटर, वर क्रोशाचा रुमाल. मुंबई दूरदर्शन १९७२ साली २ ऑक्टोबरला सुरू झालं. पण आमच्या चाळीत ते पोचलं त्यानंतर तीन-चार वर्षांनी. टीव्हीला तेव्हा रेडिओसारखं लायसन्स लागायचं, आणि टीव्हीवाल्या मावशी ते लायसन्सचं पुस्तक देवाच्या फडताळात ठेवायच्या. संध्याकाळ झाली की त्यांच्या दाराबाहेर चपलांचा ढीग पडे. पोरं पुढे जमिनीवर, बायका भिंतीला टेकून, पुरुष गॅलरीत खिडकीच्या गजांशी. माझी जागा दाराच्या चौकटीत होती, एका लाकडी खांबाशेजारी. उशिरा येणाऱ्याला तीच मिळायची आणि मला धाकट्या भावाला भरवून मगच यायला मिळे. त्या खांबामुळे पडदा मला निम्माच दिसायचा. उरलेला निम्मा मी लोकांच्या हसण्यावरून ओळखायचे.

'चिमणराव' मालिका लागायची तो काळ १९७७ ते ७९ चा. ती ज्यांवर बेतली होती त्या चिं. वि. जोशींच्या विनोदी गोष्टी आमच्या आजोबांनी तरुणपणी वाचलेल्या होत्या. मास्टर विनायकांचा 'लग्न पहावे करून' त्यांनी थेटरात पाहिला होता. तो १९४० चा, दामुअण्णा मालवणकर चिमणराव आणि विष्णुपंत जोग गुंड्याभाऊ. त्यामुळे सुरुवातीला आजोबा हटून बसले. "दामुअण्णांसारखं कोण करणार?" म्हणत. तिसऱ्या की चौथ्या भागाला ते स्वतःची पाटी घेऊन मावशींच्या खोलीत सगळ्यांच्या आधी जाऊन बसलेले दिसले. पाटी म्हणजे बसायचा लाकडी पाट, आजोबा त्याला पाटीच म्हणायचे.

दिलीप प्रभावळकरांचा चिमणराव आणि बाळ कर्व्यांचा गुंड्याभाऊ. एक बावचळलेला, मध्यमवर्गी, प्रत्येक अडचणीत आधी घाबरणारा आणि मग सारवासारव करणारा. दुसरा धिप्पाड मनाचा, मिशीवर ताव, हातात सोटा, आणि तोंडातून शब्द निघायच्या आत पाय पुढे पडलेला. गोष्टींत गुंड्याभाऊ वाचताना तो फारच मोठा, गडगडाटी वाटतो. कर्व्यांनी त्याला घरात मावेल एवढा केला. तो ओरडायचा, पण त्या ओरडण्यात आपल्या भावाची काळजी ऐकू यायची. चिमणरावाला कोणी काही बोललं की त्याची मान आधी वळायची, मग डोळे, मग सोट्यावरची मूठ. निम्मा पडदा दिसणाऱ्या मला तीन गोष्टींपैकी एखादीच दिसे, पण कोणती राहिली ते घरी आल्यावर काका करून दाखवायचे.

काका तेव्हा तिशीत होते. मुंबई महापालिकेत, जलखात्यात कारकून. आणि बाळ कर्वेही महापालिकेत नोकरी करून नाटकात काम करतात, ही बातमी कुणीतरी चाळीत आणली. मग काय! "आपल्या म्युनिसिपालटीतला माणूस" म्हणून काकांची मान ताठ. ऑफिसातून पाच वाजता सुटणारा, लोकलला लोंबकळणारा, संध्याकाळी तालमीला जाणारा माणूस टीव्हीत दिसतो, याचं त्यांना जे कौतुक होतं ते कुठल्याही सिनेनटाबद्दल नव्हतं. मला वाटतं, त्या काळच्या दूरदर्शनचं खरं मोठेपण इथे होतं. पडद्यावर येणारे बहुतेक जण बँकेत, कॉलेजात, रिझर्व्ह बँकेच्या नाहीतर पालिकेच्या कचेरीत दिवस घालवून आलेले असत. हक्काची रजा टाकून चित्रीकरण करत. म्हणून त्यांच्या अंगावरचे कपडे, त्यांचं पिशवी धरणं, उंबऱ्याशी चपला काढणं, हे शिकवलेलं वाटत नसे. ते आपल्यातूनच उठून वरळीला, दूरदर्शन केंद्रात गेलेले होते.

१९७९ च्या गणेशोत्सवात चाळीच्या मांडवात मुलांनी 'चिमणराव' बसवलं. चिमणराव झाला पोस्टात काम करणारा एक शेजारी, आणि गुंड्याभाऊ आमचे काका. मिशी त्यांची स्वतःची होती. सोटा म्हणून आजीचा कपडे वाळत घालायचा बांबू. त्या रात्रीपासून त्यांचं नाव गेलं ते गेलंच.

गेल्या काही वर्षांत मी 'चिमणराव' पुन्हा बघायचा प्रयत्न केला. आज त्यातले मोजकेच भाग बघायला मिळतात. तेव्हाच्या टेप महाग, बाहेरून येणाऱ्या. कार्यक्रम दाखवून झाला की तीच टेप पुसून तिच्यावर पुढचं चित्रित करायचे. अशा पुसल्या गेलेल्या टेपांत काय काय गेलं असेल, याचा विचार करताना माझा जीव कळवळतो. सिनेमा राहिला. दामुअण्णांचा १९४० चा चिमणराव आजही बघता येतो, आणि त्यानंतर जवळजवळ चार दशकांनी झालेला, लाखो लोकांनी पाहिलेला चिमणराव बराचसा हवेत विरून गेला. नाटक विरतं हे आपण धरूनच चालतो. पण हे तर यंत्रानं टिपलेलं होतं.

मग तो कुठे राहिला? माझं उत्तर साधं आहे. आमच्या काकांच्या चालण्यात राहिला. काका आजही दार उघडायला जाताना आधी मान वळवतात, मग डोळे, मग पाय. ते त्यांना कळतही नाही. मी तर काकांची नक्कल करते म्हणून कधीकधी माझा मुलगा हसतो, आणि त्याला ठाऊक नसतं की ती नकलेची नक्कल आहे.

त्या वर्षी ऑगस्टपासूनच असं चाललं होतं. कर्व्यांच्या आधी तीनच दिवस अच्युत पोतदार गेले. रेव्याला प्राध्यापकी, मग सैन्यात कॅप्टन, मग इंडियन ऑइलमध्ये कितीतरी वर्षं नोकरी आणि हे सगळं करून अभिनयात आलेला माणूस. माझ्या मुलासाठी ते 'थ्री इडियट्स'मधले प्राध्यापक. आईसाठी 'माझा होशील ना'मधले आप्पा. त्यांची ती संध्याकाळची मालिका आई कधी चुकवत नसे. ऑक्टोबरच्या मध्यावर मुलानं पुण्याहून मेसेज केला, "आई, कर्ण गेला." पंकज धीर. त्यानं 'महाभारत' लॉकडाउनमध्ये माझ्याबरोबर बसून पाहिलं होतं. आणि २५ ऑक्टोबरला पुन्हा त्याचाच मेसेज, "इंद्रवदन साराभाई गेले."

सतीश शाह. त्याच्यासाठी 'साराभाई व्हर्सेस साराभाई'मधले इंद्रवदन, माझ्यासाठी मात्र १९८४ चे. 'ये जो है जिंदगी' सुरू झालं तेव्हा आमच्या स्वतःच्या खोलीत टीव्ही आला होता, आणि पहिल्यांदाच मला पूर्ण पडदा दिसत होता. मालिकेत शफी इनामदार, स्वरूप संपत, राकेश बेदी हे घरचे ठरलेले लोक, आणि दर आठवड्याला सतीश शाह वेगळं सोंग घेऊन त्या घराचं दार वाजवणार. पन्नासहून जास्त वेगवेगळी माणसं त्यांनी त्या एका मालिकेत उभी केली. आज ते कोण म्हणून येतील, यावर आमच्याकडे पैजा लागायच्या. लागायच्या म्हणजे काय, हरलेल्यानं दुसऱ्या दिवशी दूध आणायचं. तेही आतल्या आत हसू दाबून ठेवत अशी काही गंभीर चर्या करून आत यायचे की आम्ही पैज विसरायचो.

शफी इनामदारांवर मात्र मला थोडं थांबायलाच हवं.

ते मूळचे दापोलीकडचे, म्हणजे आमच्याच रत्नागिरी जिल्ह्यातले. 'ये जो है जिंदगी'तल्या त्यांच्या रणजितमध्ये एक गोष्ट होती ती मला नंतर कुठल्याच नवऱ्याच्या भूमिकेत दिसली नाही. तो बायकोवर वैतागायचा, पण तिचं ऐकून घ्यायचा. तेव्हाच्या घरांत पुरुष ऐकून घेताना क्वचित दिसे. आमच्या शेजारच्या एक वहिनी मालिका बघताना अगदी हळूच म्हणायच्या, "बघा, बघा, कसा गप्प बसून ऐकतोय." त्या वाक्यात त्यांच्या घरची कितीतरी हकिगत होती. आणि हाच माणूस 'अर्धसत्य'मधला इन्स्पेक्टर हैदर अली आहे, हे कळल्यावर तर मी चकितच झाले होते.

१९९६ च्या मार्चमधली १३ तारीख. विश्वचषकाची उपांत्य फेरी, कोलकात्याला भारत आणि श्रीलंका. ती रात्र क्रिकेट बघणाऱ्या कोणालाच विसरता येणार नाही. एकामागून एक विकेट पडल्या, प्रेक्षकांनी मैदानात बाटल्या फेकल्या, खेळ थांबला, विनोद कांबळी रडत बाहेर आला. आमच्या घरात कोणी जेवलं नव्हतं. तोच सामना बघताना शफी इनामदारांना हृदयविकाराचा झटका आला आणि ते गेले. अवघे पन्नास वर्षांचे होते. दुसऱ्या दिवशी हे कळलं तेव्हा मला फार चमत्कारिक वाटलं. म्हणजे काल रात्री आम्ही जे बघत होतो तेच तेही बघत होते. इतकी वर्षं आम्ही त्यांना बघत आलो, आणि शेवटच्या रात्री ते आणि आम्ही एकाच पडद्यासमोर बसलो होतो.

त्यांच्या पत्नी भक्ती बर्वे. मुंबई दूरदर्शनच्या अगदी सुरुवातीच्या दिवसांत पडद्यावर दिसणाऱ्या चेहऱ्यांपैकी त्या एक. काळ्यापांढऱ्या पडद्यावरही त्यांचे डोळे बोलायचे. 'ती फुलराणी'तली मंजुळा मी शिवाजी मंदिरात, बाल्कनीच्या शेवटच्या रांगेतून पाहिली आहे. 'तुला शिकवीन चांगलाच धडा' सुरू झालं की थिएटरात कोणी पानाची पुडीसुद्धा उघडत नसे. पण माझ्या आईला मंजुळा कधी फारशी आवडली नाही. तिला टीव्हीवरच्या भक्ती बर्वे आवडायच्या, त्या 'नमस्कार' म्हणायच्या म्हणून. "ती आपल्याकडे बघून नमस्कार करते," म्हणायची, आणि खरंच हात जोडायची. आम्ही हसायचो. आता मला ते हसू परत घ्यावंसं वाटतं. दिवसभर राबणाऱ्या त्या बाईला नाव घेऊन नमस्कार करणारं दुसरं कोण होतं?

२००१ च्या फेब्रुवारीत वाईहून परत येताना मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर त्यांच्या गाडीला अपघात झाला. त्या गेल्या तेव्हा आईनं देवाजवळ लावलेला दिवा रात्रभर विझू दिला नाही. नात्यातलं कुणी गेलं की ती असं करायची. मी तिला काही विचारलं नाही.

तर त्या गणपतीत आम्ही गावी गेलो. गाडी करूनच गेलो, काकांनी बजावलं होतं तसं. पाऊस थांबत नव्हता. आरत्या झाल्या, प्रसाद झाला, पोरं पडवीत भेंड्या खेळायला बसली. काका खुर्चीत. सत्त्याहत्तर वर्षांचे झालेत. मिशी पांढरी, पण तितकीच भरगच्च. मला वाटलं, आपण विषय काढू नये. पण आतेभावानं काढलाच. "गुंड्याभाऊ, तुमच्या गुंड्याभाऊंची बातमी कळली ना?"

"कळली," म्हणाले. मग बराच वेळ बाहेर पावसाकडे बघत राहिले.

धाकट्या नातवानं विचारलं, "कोण गुंड्याभाऊ? तुम्हीच ना?"

काका उठले. दाराआडची काठी घेतली, ती गुरं हाकायची, सोट्याएवढी जाड नव्हती. पडवीच्या टोकाला गेले. मान वळवली, मग डोळे, मग मूठ. आणि चालत आले. गुडघ्यामुळे एक पाय थोडा ओढत होते. पण तो तोच होता. अगदी तोच. आतेभाऊ, मी, माझी मोठी बहीण, आम्ही तिघंही एकदम ओरडलो. पोरांना काय झालं ते कळलं नाही, पण आम्ही ओरडलो म्हणून तीही ओरडली. आतून काकू लगबगीनं बाहेर आल्या, त्यांना वाटलं काका पडले.

दम लागला होता. काका बसले, पाणी प्यायले, आणि नातवाला जवळ घेतलं. म्हणाले, "मी नाही रे. बाळ कर्वे. म्हण, बाळ कर्वे."

"बाळ कर्वे," तो म्हणाला.

"पंच्याण्णवाव्या वर्षी गेले. म्युनिसिपालटीत होते. पार्ल्याला राहायचे. काय नाव?"

"बाळ कर्वे."

काकांचं त्यानं समाधान झालेलं दिसलं. मग ते माझ्याकडे वळून एवढंच बोलले, "शेहेचाळीस वर्षं झाली. मला माझ्या नावानं कोणी हाक मारत नाही, त्याचं मला काही नाही, मला आवडतं. पण त्यांना तरी त्यांच्या नावानं म्हणायला हवं होतं आपण." त्यावर मला काहीच बोलता आलं नाही. आतेभावाचा फोन मला आठवला, मुलाचे मेसेज तर अजून यायचे होते. आमच्या घरात या माणसांच्या मरणाच्या बातम्या कायम अशाच आल्या होत्या. टीव्हीवर बातम्या देणारे प्रदीप भिडे गेले तेव्हासुद्धा, २०२२ च्या जूनमध्ये, शेजारच्या आजोबांनी दारात येऊन सांगितलं होतं, "सातच्या बातम्या गेल्या." आणि मला ते तेव्हा किती योग्य वाटलं होतं!

दिवाळी झाली. नोव्हेंबरच्या सुरुवातीला एके दिवशी संध्याकाळी काकांचा फोन आला. ते सहसा स्वतःहून फोन करत नाहीत, केला तर पैशाचं किंवा पावसाचं काही असतं.

"अगं, दया डोंगरे गेल्या," म्हणाले. नाव अगदी सावकाश, पूर्ण घेतलं. आणि मला आठवायला वेळ दिला.

"'स्वामी'तल्या गोपिकाबाई," मी म्हणाले.

"हो. आणि त्याच्या आधी 'गजरा'मधल्या. विनायक चासकरांचा 'गजरा'. अर्ध्या तासाचा असायचा, छोट्या छोट्या नाटुकल्यांचा. आठवतंय ना तुला? आपण मावशींकडे बघायचो."

"आठवतंय काका."

"तू खांबाशी असायचीस. तुला दिसायच्या का त्या नीट?"

"अर्ध्याच दिसायच्या."

तिकडे खुर्ची सरकवल्याचा आवाज आला. काकूंना म्हणाले, चहा इथेच आण. मग मला म्हणाले, "बस मग. उरलेलं सांगतो," आणि सांगायला लागले.